किरकोळ व इतर

दर बुधवारी लाँड्रोमॅटच्या मागच्या खोलीत आमचा पक्ष भरतो.
पक्ष म्हणजे अकरा माणसं, एक फळा,
आणि भिंतीपलीकडे गरगरणारे कुणाचे तरी टॉवेल.
अध्यक्ष वांडा कोशेलेक. उभा जन्म सिराक्यूजची बस चालवली,
अजूनही बोलताना मधेच डावीकडे बघते,
आरसा असल्यासारखी.

मी इथे आलो तो पाय घसरून.
साउथ सलायना स्ट्रीटच्या थांब्याशी
रस्त्यावरचा सगळा बर्फ उचलून फुटपाथवर रचला होता,
गाड्यांची वाट मोकळी, माणसांची बुजलेली.
मनगट मोडलं.
प्लास्टरवर सही करता करता वांडानं विचारलं,
आधी काय करायचास?
म्हटलं, स्थानिक निधी लेखा, सांगली. एकतीस वर्षं.
तिला ओ की ठो कळलं नाही.
म्हटलं, नगरपालिकांची लबाडी पकडायचो.
तिनं तिथल्या तिथे चारशे बारा पानांचं अंदाजपत्रक
माझ्या धड हातात ठेवलं.

अंदाजपत्रकं सगळीकडे एकाच आईची.
गरिबाचा पैसा सेंटापर्यंत मोजलेला,
बड्यांचा गोल गोल शून्यांत.
पान एकशे अठ्ठ्याऐंशी : रस्त्यांसाठी मीठ, अकरा लाख डॉलर.
(मिठाचंच गाव हे, तळ्याकाठचे झरे आटवून वसलेलं.)
फुटपाथ : निरंक.
वाचनालयाचा शनिवार : कापला.
आणि पान तीनशे चार, अगदी तळाशी,
'किरकोळ व इतर', चार लाख.
चार लाखांना किरकोळ म्हणणाऱ्याला
मी सांगलीत चहासुद्धा पाजू दिला नव्हता.
लाल पेन मागितलं.
डेशॉननं जांभळं आणून दिलं. चाललं.

सुनावणीत माणशी तीन मिनिटं.
आमची नगरसेविका एक, तिच्या बाजूनं हात वर करणारा
आणखी एक, तोही मूड असेल तर.
माइक माझ्या उंचीला कधीच नसतो.
इंग्रजीत म्हणालो, मी इथला नागरिक नाही, मला व्होट नाही.
आणि मनातल्या मनात तेच मराठीत म्हणून पाहिलं :
मला मत नाही.
जीभ अडली.
नाही कसं? आहे की.
चारशे बारा पानांच्या समासात आहे, जांभळ्या शाईत.
मग चाळीस थांबे वाचत सुटलो, एकेक नाव घेऊन,
कुठे दवाखाना, कुठे शाळा, कुठे कोण पडलं.
सव्विसाव्या थांब्यावर लाल दिवा लागला.
अर्धं नाव तोंडातच राहिलं.

सात विरुद्ध दोन. हरलो.
मग रात्री साडेअकराला, सगळे कोट चढवत असताना,
सभापतींनीच एक दुरुस्ती घाईघाईनं सरकवली :
चौदा थांबे, एक हिवाळा, प्रयोग म्हणून.
पैसे कुठून? 'किरकोळ'मधून.
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
डेशॉन शनिवारच्या वाचनालयासाठी जिन्यात बसून रडला,
त्याच्या धाकट्या बहिणीचं शनिवारचं घर होतं ते.
वांडा म्हणाली, चल, सोडते तुला.
आणि वळताना आरशात खरंच बघितलं.

जानेवारीत, उणे अठरात,
काही काम नसताना मुद्दाम त्या थांब्यापर्यंत गेलो.
फुटपाथ दिसत होता. काळा, खरबरीत, मीठ टाकलेला.
बाबागाडी घेऊन एक बाई उभी होती,
बसला उशीर झाला म्हणून शहराला शिव्या देत.
मी मान हलवली. बरोबर होतं तिचं.

घरी आलो तर बुटांना पांढरी खापलं,
सून म्हणाली, बाबा, गालिचा!
फडकं घेऊन पुसायला वाकलो.
खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
हे तर मी नुसतं तुडवलंय.
बघू.
सव्वीस थांबे अजून बाकी आहेत.