पाच

तिकडे तिला निलाम म्हणतात,
आपल्याकडे पाच.
ओली असताना ती फारसं बोलत नाही.
सावलीत वाळून पाचोळा झाली की मग
अंधाऱ्या खोलीत कुणी येऊन बसल्यासारखा वास.

सुमात्राच्या टोकाला, आचेच्या पश्चिम किनाऱ्यावर
माशिताच्या बापाने अकरा डोंगर बदलले.
दोन वर्षं पीक. तिसऱ्या वर्षी भर दुपारी
हिरव्यागार फांद्या माना टाकायच्या,
उपटावं तर मूळ काळं, गाठाळलेलं.
मग पुढचं जंगल, पुढची आग.
मर पाचेच्या पाचवीलाच पुजलीय, म्हणायचा,
आणि कोयता उचलायचा.

बारावा डोंगर तिच्या वाट्याला आला नाही.
म्हणजे आहे तो समोरच,
पण त्यावर सरकारी पाटी आहे
आणि एक म्हातारी हत्तीण.

भाचा मुहारिर शहरातून आला
तांदळाचं पोतं घेऊन. आत पांढुरके खडे,
मक्याच्या मुळांचे तुकडे.
काय आहे?
बुरशी, मावशी.
ती हसली नाही.
भिंतीवर येते ती? भातावर? बाबांच्या छातीत होती ती?
वेगळी. ही मुळात राहायला येते.
मुळावर उठायला म्हण.

त्याने फोनवर फोटो दाखवला:
शाईत उकळलेलं मूळ, आणि एकेका पेशीत
एक निळं झाड, बिनपानांचं,
टाचणीच्या टोकाहून कितीतरी लहान.
थोडी साखर घेतं, म्हणाला,
लांबून स्फुरद आणून देतं.
आणि रोग दाराशी आला की सांगतं,
जागा नाही.

म्हणजे भाडेकरू.
हो.
भाडं वेळेवर देणारा?
आजवर तरी.

तिने चहाच्या चमच्याने एकेका खड्ड्यात खडे घातले.
अर्ध्याच उतारावर. उरलेला अर्धा
तिने बापाच्या बाजूने सोडला.

तिसऱ्या वर्षी बापाची बाजू
एका आठवड्यात खाली बसली.
इकडचीही एकेचाळीस रोपं गेली.
मुहारिर वहीत टक्के लिहीत होता.
ती गेलेल्यांच्या जागी उभी राहून मोजत होती,
बोटांवर, दोनदा.

संध्याकाळी भट्टीवर पिंप तापलं.
तेल उतरू लागलं, चहाच्या रंगाचं.
ती एक जिवंत रोप उपटून घेऊन बसली.
बुरशी कुठेच दिसली नाही.
फक्त माती मुळाला धरून होती,
झटकली तरी सुटेना.

दुसऱ्या दिवशी बांधावर तिने दुरियान लावला.
त्याला फळ धरायला दहा वर्षं तरी लागतात.
बाप असता तर हसला असता:
एका डोंगरावर कुणी दहा वर्षं राहतं का?

खड्ड्यात तिने चमचाभर खडे टाकले.
मग, जरा थांबून,
आणखी अर्धा.