अर्थ लागेना

ट्रक आला तेव्हा बहोडापुरात धुकं होतं,
किल्ला दिसत नव्हता.
आधी लांब नाक आलं, मग हिरवा रंग,
इतका ताजा की त्यात माझ्या दुकानाची पाटी
उलटी वाचता आली.

मकरंद खडकीकर उतरला. आजोबांचा ट्रक.
चाळीस वर्षं खाणीतला दगड वाहिला त्याने.
नट न् नट उघडून पुन्हा उभा केलाय, म्हणाला,
आणि आता काटे मेलेत.
टाकीत तेल आहे, काटा शून्यावर.
इंजिन तापलंय, काटा गारठलेला.
दिल्लीहून नवे मीटर मागवू का, ताई?

मागव, म्हटलं. आधी चहा घे.

दोन काटे एकदम मरत नाहीत,
बापू सांगायचे, सोल्डरच्या धुरात डोळे बारीक करून.
दोघं एकाच वेळी गप्प झाले
तर दोघांनाही विचारू नकोस,
त्यांच्या मधे काय आहे ते बघ.
म्हणून डॅशबोर्डखाली आडवी झाले, टेस्ट लॅम्प लावला.
स्टॅबिलायझर ठीक. बल्ब लुकलुकत होता,
लुकलुकायला हवा तसाच.
ऑइलचा काटा तर चालूच. तो नळीचा,
त्याला विजेशी देणंघेणं नाही.

मधे काहीच नव्हतं, बापू.

टाकीवरच्या फ्लोटची वायर काढली.
लोखंडाला टेकवायची, तर उघडं लोखंडच सापडेना.
शेवटी सायलेन्सरच्या क्लॅम्पला धरली.
"काटा?"
"उठतोय... उठतोय... फुल्ल!"
लगेच सोडली. फार वेळ धरलं तर मीटर जळतं.
मग टाकीच्या अंगापासून बॅटरीच्या उण्यापर्यंत
एक लांब वायर ओढली,
आणि काटा पाऊणवर येऊन थांबला, शहाण्यासारखा.

टाकीला अर्थ मिळत नव्हता.
बापू असंच म्हणत, अर्थ.
शाळेत बाईंनी कवितेचा विचारला
तेव्हा मी उभी राहून सांगितलं होतं,
काळी वायर, चासीला जाते.

रंग. रंगाचे तीन हात,
पट्ट्यांखाली, बोल्टांखाली,
लोखंडानं लोखंडाला शिवायचं तिथेसुद्धा.
आणि इंजिनावर, सेंडरच्या आट्यांना
नळाला लावतात ती पांढरी टेप, सात वेढे,
पाणी गळू नये म्हणून.
"ती मीच गुंडाळली," मकरंद म्हणाला,
आणि चहाचा कप नुसताच धरून राहिला.

टेप सोलून काढली. कानस घेतली.
रुपयाएवढं खरवडलं, चार ठिकाणी.
त्याने मान फिरवली,
जणू दवाखान्यात कुणाला टाके घालतायत.

हरविलास इतका वेळ टायरवर बसून गजक खात होता.
छत्तीस वर्षं हा ट्रक त्याच्या हातात,
मीटरकडे त्याने कधी पाहिलं नाही.
त्याच्याकडे बांबूची काठी आहे, चार खाचांची:
डबरा, दतिया, झाशी, ललितपूर.

किल्ली फिरवली. जुने काटे, घाई करत नाहीत,
आतली पट्टी तापावी लागते.
आम्ही दोघं त्यांच्याकडे बघत बसलो
तोवर त्याने टाकीचं झाकण उघडून
काठी बुडवली, वर काढली, हुंगली.
"झाशी," म्हणाला.
काटा पाऊणवर होता.

दीडशे रुपये घेतले.
धुकं उठलं, किल्ला जिथल्या तिथे.
कानशीच्या दातांत हिरवा रंग अडकला होता,
संध्याकाळपर्यंत ब्रश मारला,
पुरता निघाला नाही.