चॅनल तेरा

वसमतच्या वाचनालयात संध्याकाळी साडेसहाला
वायफाय सगळ्यांना दिसतं,
लॅपटॉपला दिसत नाही.

मुंजाजीच्या फोनवर तीन काड्या,
हळदीच्या आडतीवरून पेपर चाळायला आलेल्या हमालाच्या फोनवर दोन,
जिन्यात बसलेल्या पोराच्या
फुटक्या काचेवरसुद्धा एक.
माझ्या पडद्यावर यादी:
समोरची पतसंस्था, झेरॉक्सवाला खय्यूम,
कुणाचं तरी ‘कऱ्हाळे फॅमिली’.
आमचंच नाव तेवढं नाही.

लॅपटॉप देणगीचा.
डॉक्टर टाकळकरांच्या मुलीनं टेक्सासातून आणला,
एम झिजलेला, आत लिनक्स.
‘फुकट असतं, मावशी, आणि व्हायरस लागत नाही.’
ती परत गेली. मावशी राहिली,
म्हणजे मी, गंगासागर कोटगिरे, सहायक ग्रंथपाल.
अकरा हजार चारशे पुस्तकांची यादी चढवायचीय
मार्चअखेरच्या आत.

आधी सगळे करतात ते केलं:
बंद करून चालू.
मग कुणी करत नाही ते:
आतलं मॅन्युअल शेवटपर्यंत वाचलं.

मुंजाजी म्हणाला, कार्ड मेलं असंल.
मेलेल्याला पतसंस्था कशी दिसंल?
मग ड्रायव्हर नसंल.
ड्रायव्हर जागेवर होता, नाव-आवृत्तीसकट.
आरएफकिलला विचारलं, कुणी अडवलंय का?
नाही म्हणाला. हार्ड नाही, सॉफ्ट नाही.
कुणी अडवलेलं नसताना न पोचणं
मला जरा ओळखीचं वाटलं,
पण तो विषय वेगळा.

खय्यूम शटर अर्धं ओढून आला.
फोनवर कसलंसं ॲप उघडून भिंतीकडे धरलं.
‘बाजी, ये तो तेरा पे बैठेला है.’
चॅनल तेरा.
मग एकावर बसव की!
पण राउटरचा पासवर्ड नगरपरिषदेच्या माणसाकडे,
आणि माणूस हिंगोलीला, लग्नात.

एकेक अक्षर बोटानं शोधत टंकलं:
आय डब्ल्यू, जागा, रेग, जागा, गेट.
उत्तर आलं:
देश, यूएस.

म्हणजे वसमतला येऊन सात महिने झाले,
हळदीच्या धुरळ्यानं पंखा पिवळा पडला,
आणि हा अजून टेक्सासातच.
तिथला कायदा अकरापर्यंत,
हा अकरापर्यंतच ऐकणार.
तेरावर कुणी घसा फोडला तरी
इमानदार माणसासारखा मान फिरवून.

खिडकीपाशी डहाळे गुरुजी कालचा पेपर वाचत होते.
चष्म्यावरून म्हणाले, ‘तेरा?’
थोड्या वेळानं म्हणाले,
‘तिकडं ऑगस्ट झाला तवा आमच्या खिशात हाली शिक्काच होता.
तेरा महिने.
आपण कुठं आहोत हे आपल्याला ठावं होतं, बाई.
यादीत दिसत नव्हतो.’
आणि पेपर झटकून
सोयाबीनचा भाव बघायला लागले.

सुडो.
पासवर्ड टाकताना ठिपकेसुद्धा उमटत नाहीत,
बोटांवर भरवसा ठेवावा लागतो.
आय डब्ल्यू, रेग, सेट, आय एन.
एंटर.
काहीच झालं नाही.
लिनक्समध्ये काहीच झालं नाही
म्हणजे झालेलं असतं, हे एव्हाना कळलंय.

यादी हलली. पतसंस्था, खय्यूम, कऱ्हाळे,
आणि पार तळाला
‘वाचनालय वसमत’, कुलपाच्या चित्रासकट,
जसं काही मघापासून इथंच उभं होतं.

‘लागलं का?’ गुरुजी.
लागलं.

आता हे रीस्टार्टपर्यंतच.
उद्या सकाळी चालू केला की पुन्हा टेक्सास.
कायमचं करायला कुठंशी एक फाइल असते,
ती सापडेपर्यंत
रद्द केलेल्या पुस्तकाच्या खिशातलं कार्ड उलटं करून
त्यावर ती ओळ लिहिली
आणि पडद्याच्या कडेला चिकटवली.
मागच्या बाजूला शिक्के तसेच आहेत,
परत करण्याच्या तारखांचे,
शेवटची रकमेसकट, दंड साठ पैसे.