अर्धं रंगवलेलं वर्तुळ

बारावी सायन्स, चौथा तास.
फळ्यावर वंशावळ काढते आहे.
चौकोन म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे बाई.
भरलेला चौकोन: ज्याला लाल-हिरवं वेगळं दिसत नाही.
आणि हे अर्धं रंगवलेलं वर्तुळ, वाहक.
"तिला स्वतःला काही होत नाही," मी सांगते,
"ती फक्त पोचवते."
मागच्या बाकावरून नोव्हेल विचारतो,
"टीचर, पोस्टमनसारखी?"
वर्ग हसतो. मीही हसते.
खडू बोटांतच मोडतो.

गेल्या रविवारी माहेरी होतो, खोल्याला.
घरामागच्या मोरडावर मिरची पिकलेली.
वहिनीने उर्वेशच्या हाती टोपली दिली:
तांबड्या तेवढ्या काढ.
टोपली परत आली, निम्मी हिरवी.
सगळे त्याच्यावर ओरडले. आठ वर्षांचं पोर,
म्हणालं, "पण सगळ्या सारख्याच तर आहेत."

माझा बाप, शाणू वेळीप,
उभा जन्म त्याच उतारावर वाकलेला,
त्याच्या टोपलीत कधी हिरवी पडली नाही.
काळोख झाला तरी तोडत राहायचा.
पिकलेली बोटाखाली जराशी नमते,
देठ भांडत नाही, सुटतो.
कसं कळतं, विचारलं की म्हणायचा,
"दोळ्यांक न्हय, हाताक विचार."
आम्हाला वाटायचं, कसब आहे.
कसबच होतं ते.
का शिकावं लागलं, ते त्यालाही ठाऊक होतं की नाही,
आता कुणाला विचारू?

लॅबमध्ये हॉर्लिक्सच्या बाटलीवर कांदा बसवलाय,
पाण्यात पांढरी मुळं सुटलीत.
मुळाच्या टोकाशी पेशी दुभागतात:
आधी सगळी सूत्रं जशीच्या तशी उतरवून घ्यायची,
मग मधोमध रांग, दोन्हीकडून ओढ,
आणि दोघींच्या पदरात सारखंच.
माझ्या चुलत्यांच्या वाटणीत असं कधी झालं नाही.

अंडपेशीचा व्यवहार वेगळा.
तिथे अर्धंच द्यायचं असतं.

हे मी सोळा वर्षं शिकवते आहे,
परवा रात्री पहिल्यांदा ऐकलं:
मुलगी आईच्या पोटात असतानाच
तिच्या अंडपेशी विभागायला घेतात
आणि मध्येच थांबतात. वर्षानुवर्षं.

म्हणजे उर्वेशची अर्धी गोष्ट
खोल्यातच सुरू झाली होती,
आई माझ्या वेळी पोटुशी, देठ खुडत बसलेली,
शेजारी तो, मिरच्या चाचपत.
त्याचं एक एक्स, तिचं एक एक्स
माझ्या आत गळ्यात गळा घालून थांबलेले.
तेहतीस वर्षांनी कधीतरी,
मी मडगावच्या बसमध्ये उभी असेन
किंवा पेपर तपासत असेन,
त्यांनी हात सोडले.
एक राहिलं.
दुसरं इवल्याशा पुडीत बांधून बाहेर.
नाणं पडल्याचा आवाजसुद्धा झाला नाही.

शनिवारी उर्वेशला लॅबमध्ये नेलं.
लाल रंग चढवलेली स्लाइड.
त्याने एक डोळा मिटला.
"काळे दोरे," म्हणाला, "एकमेकांपासून पळतायत."
पोरं दहा-दहा मिनिटं शोधतात, तेच.

मग पुन्हा खोला.
मला त्याला बापाचा हात द्यायचा होता,
पण तो माझ्याकडे नाही.
मी डोळ्यांनीच तोडत आले, मला गरज पडली नव्हती.
ते कुठल्याच गुणसूत्रावर लिहिलेलं नव्हतं
आणि एवढंच मी पोचवलं नाही.

म्हणून दोघं डोळे मिटून बसलो सऱ्यांच्या मध्ये.
ही नमते का? नाही गं, ही ताठ आहे.
ही? थांब, दाबू नकोस, नुसतं विचार.
उन्हं उतरेपर्यंत बोटं भाजल्यासारखी झाली.
माझ्या टोपलीत हिरव्या जास्त निघाल्या.
वहिनीने दोन्ही टोपल्या बघितल्या
आणि खोबरेल तेलाची बाटली आणून ठेवली.