अदलियातली पाटी

नईमच्या प्रदर्शनाची पाटी मी रंगवायची असं ठरलं.
ठरलं म्हणजे त्यानं फोनवर सांगितलं आणि मी बरं म्हटलं.
एकतीस वर्षं मनामात पाट्याच लिहितोय:
सलून, टायरवाला, कोल्ड स्टोअर, ताजी मच्छी.
अरबी उजवीकडून, इंग्रजी डावीकडून,
मधे जागा उरलीच तर एखादी कात्री, एखादी सुरमई.
आता यंत्र विनाइल कापतं.
मला बोलावतात ते विटलेल्या अक्षरांवरून पुन्हा हात फिरवायला.

हा नईम माझ्याच डब्यांवर शिकला.
रजेवर बाणकोटला जाताना उरलेला रंग बांधून न्यायचो,
खाडीवर उलट्या घातलेल्या होड्यांवर दोघं नावं काढायचो.
माणसाच्या कातडीखाली आधी पिवळी माती द्यावी,
वाळू द्यावी, मग तांबूस,
हे त्याला मी सांगितलेलं.
आज गॅलरीतल्या बाई पाहुण्यांना म्हणतात,
या कातडीतला उजेड बघा.
बघतोय की.

समोरच्या भिंतीवर अब्बा.
बंडी, चौकड्यांची लुंगी, मेंदी लावलेली दाढी.
उजवा हात एका पोराच्या खांद्यावर.
पोराचं डोकं चौकटीबाहेर गेलंय, दिसतो नुसता सदरा
आणि सदऱ्यावर अब्बांची पाच बोटं,
सैल, बिनघाईची,
उठायची आठवणच नसलेली.

मीही काढले होते अब्बा. एकदाच.
गुदैबियात, सहा जणांच्या खोलीत, कपाटाच्या दारावर.
चेहरा इतका जमला की खालच्या मजल्यावरचा इब्राहिम म्हणाला,
बंदरावर दिसले तर ओळखीन यांना.
एका हातात पेटी दिली होती,
दुसऱ्यात सुतळीनं बांधलेला खोका.
पेटीच्या कड्या काढायला मला दोन रात्री लागल्या.
तेव्हा वाटलं होतं, हौसेनं पेटी काढतोय.

ते इथे टगवर होते.
दोन वर्षांनी एकदा उतरायचे, चाळीस दिवस,
त्यातले दहा लग्नांत, दहा कचेरीत.
मी एकोणीसचा झालो, इथे आलो,
आणि ते घरी गेले, कायमचे.
नईम तेव्हा चार वर्षांचा.
त्या खांद्यावरचा हात कितीला पडला,
ते पहिल्या तारखांच्या पावत्यांवर आहे.
पावत्या मी ठेवल्यात. का, कोण जाणे.

सुकुमारन आला. तो नारळाची बनं काढतो,
विकत नाही, म्हणजे विकली जात नाहीत.
कानाशी म्हणाला, हात जरा लांब झालाय, नाही?
मला इतकं बरं वाटलं
की माझ्या ताटलीतला समोसा मी त्याला दिला.
मग पुन्हा पाहिलं.
हात लांब होता खरा.
पण अब्बांचा हात लांबच होता, दोरखंड ओढून ओढून.
मीच विसरलो होतो.
माझ्या चित्रात तो पेटीच्या वजनानं खाली गेला होता,
त्याची लांबी कशी कळणार?

भाई, कसं वाटतंय? नईमनं विचारलं.
पस्तिशीचा माणूस, पण विचारताना नखं खात होता.
मी म्हटलं, फ्रेम वाकडी लागलीय.
जाऊन सरळ केली.
ती सरळच होती.
आता जरा वाकडी आहे.

दाराशी पाटी.
अरबी, इंग्रजी, आणि खाली, कुणी सांगितलं नसताना,
मराठीत: नईम परकार.
पट्टी न लावता लिहिलंय, एका दमात.
कुणी टेप लावून मोजलं तर
नईम भरेल तीन इंच, परकार सव्वातीन.
सुकुमारनच्या लक्षात येईल एखाद वेळी.
येऊ दे.