पात्रता

सोहारच्या औद्योगिक वसाहतीत टायरच्या दुकानावर
आमचं पॉलिक्लिनिक.
रात्री साडेदहाला शेवटचा पेशंट उतरला
की मी बोर्डाचा अर्ज उघडते.
वयोमर्यादा नाही.
एवढं एकच कलम मला पहिल्या वाचनात आवडलं.

पदवीवर मी कुमारी सुलक्षणा वामन ढोबळे,
पासपोर्टवर सुलक्षणा हेरंब टेंभेकर,
बोर्डाला हवी आहे एकच बाई.
म्हणून गेल्या सुट्टीत अकोल्याच्या कोर्टाबाहेर
पाचशेच्या स्टॅम्पवर शपथेवर सांगून आले,
की ती मीच.

इंटर्नशिपची पडताळणी मूळ संस्थेकडून.
मूळ संस्थेतले कारकून फोनवर म्हणाले,
मॅडम, शहाण्णवचं रजिस्टर वाळवीनं खाल्लं.
मग वाळवीचं पत्र द्याल का, मी विचारलं.
ते हसले नाहीत.
म्हणाले, तसा अर्ज करा.

सलग पाच वर्षं सेवा. खंड पडला असल्यास कारण द्यावे.
चौदा महिने.
रकान्यात पन्नास अक्षरं मावतात.
दर दोन तासांनी सासूबाईंची कूस बदलायची,
पाठीच्या जखमा धुवायच्या, इन्सुलिन,
पेजेचा चमचा ओठाशी धरून
त्या माहेरच्या विहिरीवरून परत येईपर्यंत थांबायचं.
मी टाइप केलं : कौटुंबिक कारण.
संगणकानं लाल अक्षरांत उत्तर दिलं : सेवेत खंड.

आणि मग नियम चार, पोटकलम ब.
उमेदवाराने किमान वीस कुटुंबांची,
शक्यतो तीन पिढ्यांची, देखभाल केल्याची नोंदवही.

माझ्याकडे येतात ते एकेकटे पुरुष.
खोली नंबर अकरा, आठ पलंग, एक खिडकी, तीही एसीनं अडवलेली.
गिरधारीला कावीळ झाली तेव्हा
सगळ्या खोलीनं तेल सोडलं, तीन आठवडे.
रामआसरेचे हात कापतात, त्याची सुई लोकनाथ टोचतो.
आठ जणांच्या गोळ्या एका बिस्किटाच्या डब्यात,
डब्याची किल्ली सर्वांत थोरल्याकडे.
कुटुंबप्रमुखाशी नाते, असा रकाना होता.
मी आठही वेळा लिहिलं : खोली ११.

शफीउल शुगर दाखवायला आला
आणि टेबलावर फोन उभा केला.
आधी हिचं बघा, डॉक्टर, माझी शुगर कुठं पळून जाते?
कुमिल्ल्याजवळच्या गावात, सातव्या महिन्यातली बाई,
तडकलेल्या काचेत तिचं पाऊल.
अंगठ्यानं दाबा, म्हटलं. सोडा. आता मोजा.
खड्डा पडला, आणि पडलेलाच राहिला.
सूज तशी आहे की चित्र अडकलंय,
आम्हा तिघांनाही कळेना.
डोकं दुखतं का, विचारा. दुखतं.
डोळ्यांपुढं काजवे? ती काहीतरी बोलली,
तो थोडा लाजला, मग म्हणाला, हो.
आत्ता दवाखान्यात पाठवा, मी म्हणाले. उद्या नाही. आत्ता.

डॉक्टर बदरिया अल-बलूशींनी नोंदवही वाचली
शासकीय इस्पितळात, दुपारच्या नमाजानंतर.
खोली अकराच्या पानावर बराच वेळ थांबल्या.
बोर्ड हे मानणार नाही, म्हणाल्या.
मग विचारलं, तेल सोडायला कोणी सांगितलं होतं? तुम्ही?
मी म्हटलं, मी फक्त गिरधारीला सांगितलं होतं.
त्यांनी पेन खाली ठेवलं, टोपण न लावता.
सही रविवारी बघू.

आज गुरुवार. पावणेबाराला शफीउलचा निरोप :
एकशे अठ्ठावन्न, शंभर. भरती केलं.
बाळाचे ठोके आहेत.

मी नोंदवही काढली.
रुग्णाचं नाव लिहिलं. वय त्याला विचारून लिहिलं.
पत्त्यापाशी हात थांबला,
खाली कुणीतरी टायरमध्ये हवा भरत होतं.