पाणथरी

रविवारी सकाळी साडेसहाला
दादामियाँच्या दुकानापुढे आम्ही दोघी.
आईच्या बोटांना आठवडाभराच्या तंबाखूचा वास,
माझ्या हातात कडीचा डबा.
मेंढी आत टांगलेली,
आणि बाहेर ओंडक्यावर तिचं आतलं सगळं.
भाव करायचा तो ह्या ओंडक्यावरच्या मालाचा.
मटणाचा भाव मी पाटीवर नुसता वाचायची,
तेवढंच वाचन सुधारायचं.

घरी वाटणी ठरलेली.
काळीज बापूला, माग चालवतो, रात्रपाळी.
गुर्दे नरसप्पाला, थोरला म्हणून.
भेजा मला, गणितात कच्ची म्हणून.
(अजून आहे.)
वजडी सगळ्यांची, धुवायला मात्र आईची,
चुन्याच्या पाण्यात, तीनदा,
आणि नळ चार दिवसांआड.

तिच्यासाठी दादामियाँ वेगळं काढून ठेवायचा
एक जांभळं, चपटं, तेंदूच्या पानाएवढं काहीतरी.
"अम्मा, तिल्ली लेके जाव. पैसे नको."
ती ते निखाऱ्यावर टाकायची, वर मीठ,
आणि उभ्या उभ्या खायची कडक भाकरीच्या तुकड्यावर.
मला लाज वाटायची.
दुकानामागची कुत्री त्याचीच वाट बघत असायची,
मी पाहिलं होतं.

सिव्हिलमध्ये तिचं रक्त मोजलं तेव्हा
सहा पूर्णांक आठ.
डॉक्टर म्हणाले, बाई, एवढ्यावर चालता कशा?
आई म्हणाली, चालत नाही साहेब,
हजार विड्या बसूनच होतात.

काळीज म्हणजे यकृत, हे मला अकरावीत कळलं.
तोवर वाटायचं, बापू दर रविवारी
मेंढीचं हृदय खातो.
आपल्या भाषेत ते फाटतं, हलतं, त्याचं पाणी होतं,
आईच्या तव्यावर ते फक्त आकसायचं,
कांद्याबरोबर, चार मिनिटांत.

आता त्याच सिव्हिलमध्ये खोली नंबर चौदा,
बाहेर माझी पाटी, आहारतज्ज्ञ पद्मजा गड्डम.
टेबलाच्या काचेखाली तक्ता,
शंभर ग्रॅमला लोह किती:
मांस, पावणेदोन मिलिग्रॅम.
गुर्दा सहा. फुप्पुस सहाच्या वर. काळीज सात.
प्लीहा, बेचाळीस.
पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं
दशांश चिन्ह घसरलं.
दुसरं पुस्तक काढलं. तिथंही तेच.
प्लीहा म्हणजे पाणथरी, म्हणजे तिल्ली,
म्हणजे ते पान.

संध्याकाळी आईला सांगितलं.
"बेचाळीस?"
बेचाळीस.
"मग माझं सहा पूर्णांक आठच कसं?"
आठवड्याला एक पान, आई,
आणि तीन बाळंतपणं, चौथं गेलेलं,
आणि जेवणावर लगेच चहा.
ती बराच वेळ बोटं मोजत बसली,
काय मोजत होती कळलं नाही.
मग दात नसलेलं हसली,
"म्हणजे बापूला नुसतं काळीजच मिळालं की गं."

आज समोर एकोणीस वर्षांची पोरगी,
सात पूर्णांक एक, पाचवा महिना, सोबत सासू.
मी लिहिते: गोळ्या बंद करायच्या नाहीत.
जेवताना लिंबू. चहा दोन तासांनी.
काळीज रोज नको, पोटुशीला त्यातलं 'अ' जीवनसत्त्व जड जातं.
मग प्लीहा लिहिते, खोडते,
पाणथरी लिहिते,
सासूसाठी मोठ्यानं म्हणते, तिल्ली.
घरी काळीज कोण खातं, हे विचारत नाही.
पोरगी सासूकडे बघते, सासू पंख्याकडे.

"ती तर फुकटच देतात की," सासू म्हणते.
हो, म्हणते मी.
म्हणून तर लिहिली.
तेवढी हिच्या ताटापर्यंत पोचेल.